लुडविग, लुई, लुईश, लॉयोश... एकच नाव की वेगवेगळी?

इसारकाठचा:
नमस्कार मंडळी. म्युनिकला राहतो. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात बव्हेरियाच्या राजांवर लेख देतो असं बोलून बसलोय, कारण भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघतो, शंभर फोटो काढतो आणि परतीच्या गाडीत विचारतो की तो वेडा राजा नक्की कोण. तर तो लुडविग दुसरा. इथपर्यंत ठीक.

पण थोडं मागे गेलो आणि गुंता झाला. शार्लमेन म्हणजे फ्रान्स-जर्मनीवर राज्य केलेला जुना सम्राट, त्याचा मुलगा जर्मन पुस्तकात लुडविग, फ्रेंचमध्ये लुई, इंग्रजीतही लुईच, इटालियनमध्ये लुदोविको. माणूस एकच! हंगेरीच्या राजाला जर्मन लोक लुडविग म्हणतात, हंगेरियन लॉयोश म्हणतात.

माझं मत असं की नाव मुळात जर्मन, तेव्हा लुडविग हे खरं आणि बाकीची सगळी बिघडलेली रूपं. मग मराठीत सरसकट लुडविग लिहावं का? पण फ्रान्सच्या चौदाव्या लुईला 'चौदावा लुडविग' असं लिहून बघितलं आणि माझं मलाच हसू आलं. जाणकारांनी सांगावं.

गजाभाऊ:
पहिला! चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

तिरकस:
लुडो पण ह्याच घराण्यातला का? सगळे एकमेकांना मारून घरी पाठवतात, म्हणजे राजघराणंच म्हणायचं.

शब्दखोर:
तिरकस, नाही. लुडो लॅटिन आहे, 'मी खेळतो'. पण धाग्याला साजेसा प्रश्न.

इसारकाठचा, 'खरं लुडविग, बाकी बिघडलेलं' हे तितकंसं बरोबर नाही. मूळ रूप आजच्या जर्मनमधलं लुडविगसुद्धा नाहीये. फ्रँक लोकांच्या, म्हणजे फ्रान्सला ज्यांच्यावरून नाव पडलं त्या जर्मानिक टोळीच्या, बोलीतलं ते नाव साधारण 'ह्लुदविग' असं असणार. दोन तुकडे. पहिल्याचा अर्थ प्रसिद्ध, ज्याचं नाव ऐकू येतं असा, इंग्रजीतला लाऊड त्याच कुळातला. दुसरा 'विग' म्हणजे लढाई. लढाईत नाव कमावलेला. सुरुवातीचा तो 'ह्ल' लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या पाद्र्यांना झेपायचा नाही, त्यांच्या कानाला तो काहीतरी घशातून खरवडल्यासारखा लागायचा, म्हणून त्यांनी क्लोदोवेखुस असं काहीतरी लिहून ठेवलं. त्यावरून झाला क्लोव्हिस, म्हणजे फ्रँकांचा तो पहिला मोठा राजा, ४८१ च्या सुमारास गादीवर आला, ५११ ला गेला, रॅंसला बाप्तिस्मा घेतला तो. म्हणजे क्लोव्हिस आणि लुई हे एकच नाव. एक पुस्तकातून आलंय आणि दुसरं तोंडातून.

तोंडातून कसं ते बघा. पुढे तो सुरुवातीचा ह गळाला, लुदोविकुस झालं. फ्रेंचांना दोन स्वरांच्या मधलं द किंवा त गिळायची जुनी सवय, लॅटिन 'वीता' म्हणजे आयुष्य, त्याचं फ्रेंचमध्ये नुसतं 'वी' उरलं. तसंच लुदोविकुसचं लोईस, मग लुई. आता जर्मनमध्येही तो ह गळालाच आहे, फक्त द आणि व वाचले. तेव्हा झीज दोघांकडे झाली, फ्रेंचांकडे जरा जास्त.

खडूस_काका:
म्हणजे श्रुत! ऐकू येतो तो. श्रु धातू. बघा, शेवटी सगळं संस्कृतातूनच निघतं, आम्ही सांगतो तेव्हा हसता.

शब्दखोर:
काका, श्रु धातूचं एकदम बरोबर पकडलंत, पण 'संस्कृतातून निघालं' नाही. दोन्ही एका तिसऱ्या, त्याहून जुन्या भाषेतून निघाले, चुलतभावंडं. तिकडे ज्या जागी ह येतो त्या जागी आपल्याकडे श येतो आणि लॅटिन-ग्रीकमध्ये क. आपलं शत, लॅटिन केंतुम, इंग्रजी हंड्रेड. आपला श्वान, जर्मन हुंड. तसंच आपलं श्रुत, ग्रीक क्लुतोस, जर्मनांचं ह्लुद. ग्रीकांच्या पेरिक्लीस, क्लिओपात्रामधला 'क्ल' पण हाच, कीर्तीचा. रशियन-पोलिश नावांच्या शेवटी येणारं 'स्लाव'सुद्धा.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. महाभारतात सहदेवाचा मुलगा श्रुतसेन. कौरवांकडून लढलेला एक श्रुतायुध. ज्याची आयुधं प्रसिद्ध आहेत तो. अर्थाने बघितलं तर लुडविगच्या अगदी शेजारी बसतो.

खडूस_काका:
चुलतभाऊ तर चुलतभाऊ. मोठा भाऊ कोण ते सांगा.

तिरकस:
काका इस्टेटीची वाटणी लावतायत.

गजाभाऊ:
श्रुतायुध श्वानश्टाइनचा राजा. हहपुवा.

होळीबाजार:
मी वसईचा, आमच्याकडे घरटी एक तरी रॉड्रिग्ज, फर्नांडिस किंवा गोन्साल्विस सापडेल. मला बरेच वर्षं वाटायचं ही पोर्तुगीज नावं म्हणजे लॅटिन असणार. मग कळलं की हीसुद्धा जर्मानिक आहेत. स्पेन-पोर्तुगालवर रोमनांनंतर व्हिसिगॉथांचं राज्य होतं, त्यांची नावं तिथे रुजली. रॉद्रिगो म्हणजे कीर्ती आणि राजा असे दोन तुकडे, त्यातला 'रिक' हा आपल्या राजन् शी नातं सांगतो. रॉद्रिगोचा मुलगा तो रॉद्रिगिश. फर्नांदो पण तिकडचाच, त्यातलं 'नांद' म्हणजे धाडस. आणि आमचे लोपीस मात्र लॅटिन, लांडग्यावरून. म्हणजे चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज गेले, गॉथ इथेच राहिले!

(कोणी लगेच 'म्हणजे तुम्ही जर्मन का' विचारू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता जे आडनाव देई ते घराण्याला लागलं. आमचं मूळ पक्कं इथलंच, घरात सामवेदी बोलतो.)

सांतेरी:
होळीबाजार, गोव्यातही हेच. आणि धाग्यातलं नाव गोव्यात आडनाव म्हणूनही सापडतं, लुईस. मंगळूरच्या ख्रिश्चनांत तेच इंग्रजी स्पेलिंगने ल्युइस झालं.

आपल्याकडचे लुईश आठवायचे तर एक म्हणजे गोव्याचा व्हाइसरॉय दों लुईश द अताइद, ह्याच्याच वेळेला अली आदिलशहाने १५७०-७१ मध्ये गोव्याला वेढा घातला होता आणि ह्याने तो निभावला. दुसरा कवी कामोंइश, त्याचंही नाव लुईश, १५५३ ला गोव्यात येऊन पोचला होता, जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये त्याचा मोठा पुतळा आहे. पण मला तिसरा सगळ्यात जवळचा, चांदोरचे लुईश द मिनेझिस ब्रागांझा. पत्रकार माणूस. १९३० मध्ये सालाझारचा वसाहतींबद्दलचा कायदा आला तेव्हा गोव्याच्या कौन्सिलात उभं राहून स्वातंत्र्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही असा ठराव मांडला. पणजीला मांडवीकाठी ज्या संस्थेत निळ्या टाइल्सची चित्रं बघायला सगळे जातात ना, ती त्यांच्याच नावाची. फ्रँक लोकांच्या लढाईतल्या नावाचा माणूस आमच्याकडे शब्दांनी लढला.

रच्याकने, पोर्तुगालमध्ये शेवटचा स 'श' होतो म्हणून लुईश, ब्राझीलमध्ये लुईस. ब्राझीलचा लुला, त्याचंही नाव लुईसच.

इसारकाठचा:
धन्यवाद सगळ्यांना, मला वाटलं तीन प्रतिसाद येतील. शब्दखोर, तुमचं पटतंय पण अजून थोडं भांडतो. फ्रेंचांनी बदलून घेतलं हे मान्य. पण बव्हेरियातलं लुडविग तर सलग जर्मन परंपरेतलं ना? इथे चौदाव्या शतकात लुडविग नावाचा सम्राट होऊन गेला. मग निदान इथल्यापुरतं तरी हे अस्सल.

राइनपार:
मी फ्रान्सच्या बाजूला श्ट्रासबुर्गला असते, हा विषय म्हणजे माझ्या गल्लीतला. इसारकाठचा, तुमच्या लेखाला उपयोगी पडेल असं दोन गोष्टींचं सांगते.

पहिली. ८४२ साली ह्याच गावात दोन भावांनी शपथा घेतल्या. तुम्ही म्हणता त्या शार्लमेनच्या मुलाची मुलं, एक लुडविग, एक कार्ल, तिसऱ्या लोथारच्या विरोधात एकत्र आलेली. गंमत म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याच्या सैन्याला कळेल अशा भाषेत शपथ घेतली. जर्मन बाजूचा लुडविग रोमान्समध्ये म्हणजे कोवळ्या फ्रेंचमध्ये बोलला आणि कार्ल जुन्या जर्मनमध्ये. एका लेखकाने दोन्ही मजकूर उतरवून ठेवले म्हणून ते आज आहेत. त्यात एकाच माणसाचं नाव रोमान्स मजकुरात लोधुविग्स आणि जर्मन मजकुरात लुधुविग. एका शेंडीएवढा फरक! तेव्हा ही दोन नावं नव्हतीच, एकाच नावाचे दोन उच्चार होते. लांब गेली ती नंतर. पुढच्याच वर्षी, ८४३ ला, व्हर्दंचा तह झाला आणि राज्याची वाटणी.

दुसरी गोष्ट तुमच्या 'अस्सल'बद्दल. बव्हेरियाचा लुडविग पहिला जन्मला कुठे? इथे. श्ट्रासबुर्गला, २५ ऑगस्ट १७८६. बाप फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. आणि बाळाचा धर्मपिता कोण, तर फ्रान्सचा राजा सोळावा लुई. त्याच्यावरूनच नाव ठेवलं. म्हणजे तुमचा लुडविग हा एका लुईचं जर्मन भाषांतर आहे हो.

गजाभाऊ:
अर्रर्र.

तिरकस:
विकेट पडली. राइनपारताई, दंडवत.

इसारकाठचा:
हे मला अजिबात माहीत नव्हतं, आणि हा तोच लुडविग ज्याच्या लग्नापासून ऑक्टोबरफेस्ट सुरू झालं, १२ ऑक्टोबर १८१० चं लग्न, बायको तेरेझे म्हणून त्या मैदानाचं नाव तेरेझियनवीझे. आणि ह्या गृहस्थाला फ्रेंचांचा भयंकर राग होता. नेपोलियनचा तर फारच. नाव मात्र फ्रेंच राजाचं. ग्रीसवर इतकं प्रेम की बायर्नच्या स्पेलिंगमध्ये आय च्या जागी ग्रीक वाय घालायचा हुकूम काढला, १८२५ मध्ये. आजही तोच वाय आहे. आता लेख लांबणार.

राइनपार:
अजून थोडं लांबवा मग. २५ ऑगस्ट हा संत लुईचा सण. संत लुई म्हणजे फ्रान्सचा नववा लुई, १२७० मध्ये त्याच तारखेला गेला. तुमचा किल्लेवाला दुसरा लुडविग १८४५ ला २५ ऑगस्टलाच जन्मला, आजोबांच्या वाढदिवशी. त्याचं नाव ओटो ठेवायचं ठरत होतं म्हणतात, आजोबांनी हट्ट केला आणि लुडविग झालं. म्हणजे तिथेही मागे उभा आहे तो फ्रेंच संतच.

शब्दखोर:
वा, क्या बात है. हे धाग्याचं सार आहे खरं तर. नाव राइनच्या पलीकडे गेलं, तिथे घासून गुळगुळीत झालं, राजांमुळे आणि संतामुळे वजनदार झालं, आणि परत इकडे आलं तेव्हा जुना डगला घालून आलं. 'मूळ' कुठलं विचारलं तर कुठे बोट ठेवणार?

आणि हे ठरवून पूर्वीही झालंय. शार्लमेनला ७७८ साली जुळी मुलं झाली, नावं ठेवली लुडविग आणि लोथार. त्याच्या स्वतःच्या घराण्यात ही नावं नव्हती. ती क्लोव्हिसच्या घराण्यातली, ज्यांना बाजूला सारून ह्यांनी गादी घेतली होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजांची नावं मुलांना लावली म्हणजे आपण त्यांचेच वारस असं दाखवता येतं. लोथार लहानपणीच गेला, लुडविग सम्राट झाला.

खडूस_काका:
नाव लावून वारसा मिळवणे ही कला युरोपात इतकी जुनी आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या वॉर्डात चालू आहे अजून.

बुडापेस्टची_सून:
हंगेरीची बाजू मांडायला आले. लॉयोश बरोबर लिहिलंयत, बरेच जण स्पेलिंग बघून लाजोस म्हणतात! इथे आडनाव आधी, म्हणून कोशुत लॉयोश. १८४८-४९ च्या हॅब्सबर्गविरोधी उठावाचा नेता, प्रत्येक गावात त्याच्या नावाचा एक तरी रस्ता किंवा चौक आहे.

तुम्ही म्हणता तो राजा बहुतेक मोठा लॉयोश, १३४२ ते १३८२. शेवटची बारा वर्षं तो पोलंडचाही राजा होता, तिथे तो लुद्विक. एका माणसाच्या दोन गाद्या आणि प्रत्येक गादीवर वेगळं नाव. त्यानंतर दुसरा लॉयोश, जेमतेम विशीतला पोरगा, मोहाचच्या लढाईत सुलेमानच्या फौजेसमोर पडला. साल १५२६. आपल्याकडे एप्रिलमध्ये पानिपत, इकडे ऑगस्टमध्ये मोहाच. आम्ही शाळेत पानिपत घोकलं, माझी मुलं मोहाच घोकतात, साल तेच.

पोर्लुईकर:
नमस्कार, मॉरिशसहून. माझे पणजोबा रत्नागिरीकडून इथे ऊस तोडायला आले. आम्ही मराठी शाळेत शिकलो, मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी पुढेही शिकता येते. लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या.

आमच्या राजधानीचे नाव पोर्ट लुई. तो पंधरावा लुई. ला बूर्दोने नावाचा फ्रेंच गव्हर्नर १७३५ मध्ये आला, त्याने बंदर बांधले. पण इंग्रज १८१० मध्ये आले, तेव्हापासून इंग्रजी बोलणारे पोर्ट लुइस म्हणतात, फ्रेंच बोलणारे पोर लुई, आणि आम्ही घरात क्रेओलमध्ये 'पोर्लुई' असे एकच शब्द म्हणतो. बसवर पाटी एक, तीन माणसे तीन प्रकारे वाचतात. कोणी भांडत नाही.

सांतेरी:
पोर्लुईकर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे, माफी कसली मागताय.

माऊ_अटलांटा:
राजाच्या नावाने गावं काढायची तर इथे अमेरिकेत या. लुईझियाना चौदाव्या लुईवरून, १६८२ मध्ये ला साल ह्याने नाव दिलं, आणि तेव्हाचं लुईझियाना म्हणजे आजच्या राज्याच्या कितीतरी पट मोठा मुलूख. सेंट लुइस शहर नवव्यावरून, म्हणजे राइनपारताईंच्या संतावरून. लुईव्हिल सोळाव्यावरून, कारण त्याने स्वातंत्र्ययुद्धात मदत केली होती, आणि तिथले लोक त्याचा उच्चार 'लुव्वल' असा काहीतरी तोंडात गोटी धरल्यासारखा करतात.

आणि न्यू मेक्सिकोत क्लोव्हिस नावाचं गाव आहे. रेल्वेचं स्टेशन निघालं तेव्हा फ्रँकांच्या राजावरून नाव दिलं. पुढे त्या गावाजवळ दगडी भाल्यांची टोकं सापडली, साधारण १३,००० वर्षांपूर्वीची, आणि त्या आदिवासी शिकाऱ्यांच्या संस्कृतीलाच नाव पडलं क्लोव्हिस संस्कृती. मॅमथ मारणाऱ्या बिचाऱ्यांना काय माहीत आपण फ्रँक राजाच्या नावाने ओळखले जाणार.

पिटलेन:
एफवन वाले कोणी आहेत का? ल्युइस हॅमिल्टनचं नाव धावपटू कार्ल ल्युइसवरून ठेवलेलं आहे. कार्लचं आडनाव ह्याचं नाव झालं, आणि कार्ल हे ह्याचं मधलं नाव. म्हणजे धाग्यातले दोन्ही शपथवाले भाऊ, लुडविग आणि कार्ल, एकाच माणसात.

राइनपार:
पिटलेन, हे भारी आहे.

शब्दखोर:
ल्युइसबद्दल जरा. लुई आणि ल्युइस वेगळे का झाले? नॉर्मन लोक इंग्लंडला गेले तेव्हा फ्रेंचमध्ये शेवटचा स उच्चारला जायचा. इंग्रजांनी तो स सकट घेतला, ल्युइस. पुढे फ्रेंचांनी स गिळला, लिहिण्यात तेवढा ठेवला. नंतर इंग्रजांनी नवीन फ्रेंच रूपही घेतलं. त्यामुळे आता लिहितात लुई आणि म्हणतात ल्युइस असा प्रकारही आहे, लुई आर्मस्ट्राँग स्वतःला ल्युइस म्हणायचा.

पण प्रत्येक ल्युइस ह्या घराण्यातला नाही हं. वेल्समध्ये ल्युवेलिन नावाच्या लोकांनी इंग्रजी कागदपत्रांत ल्युइस लावलं, ऐकायला जवळ म्हणून. आणि स्कॉटलंडचं ल्युइस बेट, जिथे त्या प्रसिद्ध हस्तिदंती बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या, त्याचा लुईशी काही संबंध नाही.

ह्याच्या उलट, ल्युइस कॅरोल. खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन. लटविज हे लुडविगचंच इंग्रजी रूप. त्याने चार्ल्स लटविजचं लॅटिन केलं, कारोलुस लुदोविकुस, उलटं फिरवलं आणि परत इंग्रजी केलं. ल्युइस कॅरोल! गणिताचा मास्तर होता, असलं सुचणारच.

व्हायोलिनवाला:
बेथोव्हेनला कोणी विसरू नका. आपण त्याला पक्का जर्मन लुडविग समजतो, पण त्याच्या छापील स्वरलिप्यांवर तेव्हाच्या फॅशनप्रमाणे फ्रेंच मुखपृष्ठ असायचं आणि त्यावर लुई व्हान बेथोव्हेन. इटालियनचा मूड असला की लुइजी. त्याचे आजोबा मेखेलन गावचे, म्हणजे आजच्या बेल्जियममधले, त्यांचं नाव लोडेवाइक, हे डच रूप. आजोबांवरून नातवाचं. गाणंबजावणं करणाऱ्याला जिथे काम तिथली भाषा.

पुण्याची_कात्या:
रशियन शिकले थोडंफार. तिथे मजा अशी की फ्रान्सचे राजे सगळे ल्युदोविक आणि जर्मन, मग तो राजा असो की बेथोव्हेन, ल्युदविग. आणि पाश्चर मात्र लुई, कारण तो राजा नाही. एकाच नावाची तीन खाती!

इसारकाठचा:
कात्या, हे मला हवं होतं. राजाला वेगळा नियम आणि पाश्चरला वेगळा. म्हणजे साध्या माणसाचं नाव जसंच्या तसं आणि राजाचं नाव आपल्या भाषेत?

राइनपार:
हो, जुना रिवाज तोच. राजे, पोप, संत ह्यांची नावं लॅटिनमध्ये लिहिली जायची आणि प्रत्येक भाषा तिथून आपलं रूप काढायची. स्पॅनिश लोक अजून पाळतात, इंग्लंडचा आत्ताचा राजा त्यांच्याकडे कार्लोस तिसरा, आई इसाबेल दुसरी. साध्या माणसाचं पूर्वी भाषांतर व्हायचं, आता पासपोर्टमुळे होत नाही. बॅटेनबर्गचा राजपुत्र लुडविग लहानपणीच इंग्लंडच्या आरमारात गेला आणि लुई झाला, पहिल्या महायुद्धात जर्मन आडनाव नको म्हणून १९१७ मध्ये माउंटबॅटन झाला. त्याचाच मुलगा आपला शेवटचा व्हाइसरॉय लुई माउंटबॅटन. घरचे मात्र त्याला डिकी म्हणायचे.

आणि नाव ठेवायचं नाही असं ठरलं तर काय होतं? क्रांतीत सोळाव्या लुईवर खटला चालवला तेव्हा त्याला नागरिक लुई कापे म्हणायला लागले, आठशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं टोपणनाव आडनाव म्हणून चिकटवलं. तो म्हणाला हे माझं नाव नाही. २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनवर गेला.

होळीबाजार:
आलोयसियस राहिलं की. आमच्या चर्चमध्ये दोनचार आजोबा आहेत ह्या नावाचे, घरी सगळे लुई म्हणूनच हाक मारतात. मंगळूरचं सेंट आलोयसियस कॉलेज १८८० चं. तो संत म्हणजे इटलीचा लुइजी गोंझागा, सरदार घराण्यातला, सगळं सोडून जेझुइट झाला, रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १५९१ मध्ये गेला, वय २३. लॅटिनमध्ये त्याला आलोयसियस केलं म्हणून नाव जगभर गेलं.

शब्दखोर:
हो, दक्षिण फ्रान्सच्या बोलीतलं आलोइस हे रूप, त्याचं लॅटिन. काही जण ते वेगळ्याच जर्मानिक नावाशी जोडतात, 'सर्वज्ञ' अर्थाच्या, पण संताच्या बाबतीत तरी लुइजी आणि आलोयसियस एकच माणूस आहे, तेव्हा वापरात ते एक झालेच. त्यावरून जर्मन आलोइस, विसरण्याच्या आजाराला ज्याचं नाव मिळालं तो डॉक्टर आलोइस अल्त्सहायमर. आणि व्हेनिसमध्ये अल्वीझे, तिथे अल्वीझे मोचेनीगो नावाचे एकाच घराण्यातले चार दोजे, म्हणजे तिथले राज्यप्रमुख, होऊन गेले.

तिरकस:
आणि मारिओचा भाऊ लुइजी. त्याला कोणी राजा केलं नाही, पाइपच दुरुस्त करतोय.

आणि लिंकिंग रोडवरची लुई व्हितों बॅग, ती मात्र अस्सल डुप्लिकेट.

इसारकाठचा:
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. बव्हेरियाचे तिघे लुडविगच, कारण ते स्वतःला तेच म्हणत आणि इथल्या गल्लीबोळांवर तेच लिहिलंय. फ्रान्सचे लुई. हंगेरीचा लॉयोश, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा. अडतो तो फक्त शार्लमेनचा मुलगा, तो दोन्हीकडचा.

खडूस_काका:
त्याला श्रुतायुध लिहा. वाद मिटला.

शब्दखोर:
त्याच्यासाठी 'लुई पुण्यशील' लिहिलंत तरी चालेल, कारण फ्रान्सच्या राजांची मोजणी त्याच्यापासूनच सुरू होते, तो लुई पहिला. चौदावा, सोळावा हे आकडे त्याच्यापासूनचे. क्लोव्हिसला त्यात धरत नाहीत, नाहीतर सगळे आकडे पुढे सरकले असते.

गजाभाऊ:
मग सतरावा कोण? तो कुठेच दिसत नाही.

राइनपार:
गजाभाऊ, सोळाव्याचा मुलगा. बापाला मारल्यावर राजपक्षाच्या लोकांनी त्याला राजा मानलं, पण पोरगं कैदेतच होतं, १७९५ मध्ये दहाव्या वर्षी तिथेच मेलं. काका गादीवर बसला तेव्हा पुतण्याचा आकडा सोडून त्याने स्वतःला अठरावा म्हणवून घेतलं.

लेट_लतीफ:
आत्ता वाचला धागा. मार्टिन ल्यूथर पण ह्यातलाच का?

शब्दखोर:
नाही, ल्यूथरचा पहिला तुकडा वेगळा, 'लोक' अर्थाचा. लोथार मात्र ह्यातला. त्यावर वेगळा धागा काढा, इथे आधीच खूप माणसं झालीयेत.